बिहारमध्ये जन्मला, बीबीसीत प्रचार केला आणि सरकारं भूतकाळ कसा पुसतात ते जगाला सांगून गेला

जुलै २००९ मधली गोष्ट आहे. अमेरिकेत काही लोकांनी आपलं किंडल उघडलं तर त्यातलं एक पुस्तक गायब होतं. पायरेटेड नव्हे, रीतसर पैसे देऊन विकत घेतलेलं. ॲमेझॉनने ते दुरूनच डिलीट केलं होतं आणि पैसे परत केले होते. ज्या कंपनीने ती ई-आवृत्ती विकायला ठेवली होती तिच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण सांगण्यात आलं. एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर अभ्यासासाठी नोट्स काढल्या होत्या. पुस्तकच गेल्यावर त्या नोट्सना काही अर्थ राहिला नाही, म्हणून तो कोर्टात गेला. पुढे ॲमेझॉनने माफी मागितली.

आता यात एवढं काय, असं वाटेल. तर गायब झालेल्या पुस्तकांत एक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. ज्यांनी ते वाचलंय त्यांना हसावं की डोक्याला हात लावावा, ते कळेना.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी नोकर आहे. त्याच्या खात्याचं नाव सत्य मंत्रालय आणि काम जुने पेपर बदलायचं. सरकारने काही महिन्यांपूर्वी एखादा अंदाज वर्तवला आणि तो चुकला, की विन्स्टनकडे चिठ्ठी येते. तो त्या दिवसाच्या पेपरातला मजकूर नव्याने लिहितो, अंक पुन्हा छापला जातो, जुना अंक जाळला जातो आणि लायब्ररीत नवाच 'जुना' अंक जाऊन बसतो. सरकार कधी चुकलंच नव्हतं, याचा पुरावा तयार! भिंतीत जागोजागी भोकं आहेत, कागद टाकला की सरळ भट्टीत. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅम केलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ते २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल लोक सरकारचे आभार मानतात. चोवीस तासांत!

यातली मला सगळ्यात भीतीदायक वाटणारी गोष्ट म्हणजे विन्स्टनला हे काम आवडतं. त्याला सरकार आवडत नाही, तो मनातून बंडखोर आहे, पण एखादा अवघड मजकूर हुबेहूब जुन्यासारखा जमवण्यात त्याला कारागिराचा आनंद मिळतो. एका दिवशी तो नको झालेल्या माणसाच्या जागी कधी अस्तित्वातच नसलेला एक शूर सैनिक बसवतो. थोड्या वेळाने त्या सैनिकाचा पुरावा शिवाजी महाराजांच्या किंवा नेपोलियनच्या पुराव्याइतकाच पक्का होणार असतो. (शिवाजी महाराज माझे हां, कादंबरीत दुसरी नावं आहेत.)

ऑर्वेलला हे सगळं सुचलं कुठून? ही माहिती त्याने लायब्ररीत बसून जमवलेली नाही. त्याचं आयुष्य बघितलं तर कादंबरीतली बहुतेक यंत्रं त्याने आधी प्रत्यक्षात पाहिली होती. एकदोन तर स्वतः चालवली होती.

त्याचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, गाव मोतिहारी, बिहारमधलं. हो, तेच चंपारण, जिथे पुढे १९१७ मध्ये गांधीजींनी निळीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात होते. शेतकऱ्यांकडून अफू गोळा करायची आणि ती सरकारमार्फत चीनला विकायची, असं ते खातं. मोतिहारीतलं ब्लेअर कुटुंबाचं घर आजही आहे. एरिक मात्र वर्षाचा असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेला. ईटन या बड्या लोकांच्या शाळेत तो स्कॉलरशिपवर शिकला आणि मग युनिव्हर्सिटीत न जाता १९२२ मध्ये थेट ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून गेला. तेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता.

पाच वर्षं त्याने साम्राज्याचा दंडुका हातात धरला. १९२७ मध्ये सुट्टीवर घरी आला आणि राजीनामा दिला. पुढे पॅरिसमध्ये हॉटेलात भांडी घासणं, लंडनमध्ये भटक्यांबरोबर राहणं हे सगळं केलं आणि त्यावर १९३३ मध्ये पहिलं पुस्तक लिहिलं. त्यावर नाव टाकलं जॉर्ज ऑर्वेल. १९३४ मध्ये ब्रह्मदेशावरची कादंबरी आली. हा भाग मी पटकन सांगतेय, कारण आपला विषय खरा सुरू होतो तो स्पेनमध्ये.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला जनरल फ्रँको आणि त्याच्या पाठीशी हिटलर-मुसोलिनी, दुसऱ्या बाजूला निवडून आलेलं प्रजासत्ताक सरकार आणि त्याला रशियाची मदत. त्याच वर्षी जूनमध्ये ऑर्वेलचं आयलीन ओशॉनेसी हिच्याशी लग्न झालं होतं. डिसेंबरात तो स्पेनला जाऊन बंदूक घेऊन उभा राहिला. तो ज्या तुकडीत भरती झाला ती 'पाउम' नावाच्या एका छोट्या मार्क्सवादी पक्षाची होती. हा पक्ष फ्रँकोच्या विरोधातच लढत होता, पण स्टॅलिनला मानत नव्हता. पुढचं सगळं रामायण त्यामुळे झालं.

मे १९३७ मध्ये बार्सिलोनात फ्रँकोविरोधी गटच आपसात भिडले. टेलिफोन एक्स्चेंजचा ताबा कोणाकडे यावरून सुरुवात झाली. ऑर्वेल तेव्हा रजेवर शहरात होता. समोरचं पक्षाचं ऑफिस सांभाळायला त्याला एका सिनेमागृहाच्या छतावर बसवण्यात आलं. तीन दिवस तो तिथे पुस्तकं वाचत बसला, भूक लागली तर पंचाईत, अशी एकंदर अवस्था. आणि मग पेपर आले. त्यात लिहिलं होतं की पाउमने फॅसिस्टांच्या इशाऱ्यावर उठाव केला. लंडनचे काही पेपरही तेच छापत होते. ज्या छतावर तो स्वतः बसला होता, त्या छतासमोर काय घडलं याची एक वेगळीच गोष्ट जगभर छापून आली होती.

तो पुन्हा आघाडीवर गेला आणि २० मे रोजी त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. रक्तवाहिनी थोडक्यात वाचली म्हणून जगला. हॉस्पिटलमधून बाहेर येतो तर पाउमवर बंदी आलेली. पक्षाचा नेता आंद्रेस निन याला अटक झाली आणि तो परत कोणाला दिसलाच नाही. आयलीनच्या हॉटेलच्या खोलीची झडती घेऊन पोलिसांनी ऑर्वेलच्या डायऱ्या, कागद नेले. ते त्याला कधीच परत मिळाले नाहीत. नवरा-बायको जूनअखेर कसेबसे ट्रेनने फ्रान्समध्ये निसटले. त्यानंतर काही दिवसांनी, १३ जुलैला, देशद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयासाठी या दोघांविरुद्ध एक अहवाल तयार झाला. तो कागद ऑर्वेलच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी उजेडात आला. म्हणजे तो थोडा उशिरा निघाला असता तर '१९८४' आलंच नसतं.

पेपर खोटं लिहितात हे त्याला आधीही माहीत होतं. त्यात नवीन काही नाही. स्पेनमध्ये त्याने पाहिलं ते वेगळं होतं. जिथे लढाईच झाली नाही तिथे मोठ्या लढाया झाल्याच्या बातम्या आणि जिथे शेकडो माणसं मेली तिथे काहीच नाही. त्याला भीती वाटली ती पुढची. फ्रँको जिंकला तर पुढच्या पिढीची शाळेची पुस्तकं कोण लिहिणार? त्याच्याच बाजूचे कागद शिल्लक राहणार आणि पन्नास वर्षांनी तोच इतिहास होणार. पूर्वीचे इतिहासकार पक्षपात करायचे, चुकायचे, पण काहीतरी खरं घडलं होतं आणि ते शोधता येतं, एवढं तरी दोन्ही बाजू मानायच्या. हे मानणंच संपत चाललंय, असं त्याने युद्धाच्या मधल्या काळात लिहून ठेवलं.

त्याने स्पेनवर पुस्तक लिहिलं, 'होमेज टू कॅटलोनिया'. त्याच्या नेहमीच्या प्रकाशकाने एक ओळ लिहून व्हायच्या आधीच नकार कळवला. दुसऱ्याने १९३८ मध्ये १५०० प्रती छापल्या. ऑर्वेल मेला तोवर त्या संपल्या नव्हत्या.

आता येतो आपल्या जवळचा भाग. दुसरं महायुद्ध सुरू झालं. फुप्फुसांच्या आजारामुळे ऑर्वेलला सैन्यात घेतलं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये तो बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात नोकरीला लागला. काम काय, तर जर्मनी आणि जपानच्या रेडिओ प्रचाराला उत्तर म्हणून हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी भाषणं, चर्चा, बातम्यांचे आढावे तयार करायचे. त्याने लिहिलेली बातमीपत्रं भाषांतर होऊन गुजराती, बंगाली, तमिळमध्ये जायची आणि मराठीतही. म्हणजे आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांनी रेडिओला कान लावून ऑर्वेल मराठीत ऐकला असण्याची शक्यता आहे. त्यांना अर्थातच पत्ता नसणार.

याच विभागात त्याच्याबरोबर एक मराठी बाई काम करत होत्या. वेणू चितळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या. नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात लंडनवर बॉम्ब पडत असताना ही बाई साडी नेसून माइकसमोर बसायची. १९४२ मध्ये ऑर्वेलने रेडिओवर कवितांचा कार्यक्रम केला होता, त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आनंद आहेत, ऑर्वेल स्वतः आहे आणि वेणू चितळेही आहेत. पुढे भारतात परत आल्यावर त्यांनी १९५० मध्ये पुण्यातल्या एका कुटुंबावर इंग्रजी कादंबरी लिहिली. ऑर्वेलवर लिहिणारे त्यांना एका ओळीत उरकतात. इतिहास कोणाला किती जागा देतो हाही एक प्रश्नच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा.

ऑर्वेलची अडचण अशी की तो हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा होता. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे गांधी-नेहरूंसकट काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले, तेव्हा तो ब्रिटिश सरकारची बाजू हिंदुस्थानला ऐकवणाऱ्या खुर्चीत बसला होता. स्वतःच्या डायरीत सरकारवर चिडायचं आणि माइकवर जपून बोलायचं. प्रत्येक स्क्रिप्ट सेन्सॉरकडे जायचं. त्यावर दोन शिक्के लागायचे. एक लष्करी गुपित फुटत नाही ना यासाठी आणि दुसरा सरकारी धोरणाशी जुळतं ना यासाठी. बायको आयलीनही युद्धाच्या सुरुवातीची काही वर्षं माहिती मंत्रालयाच्या सेन्सॉर विभागात काम करत होती. त्या मंत्रालयाचं मुख्यालय होतं लंडनची सेनेट हाऊस नावाची उंच पांढरी इमारत. कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाचं वर्णन आणि त्या इमारतीचा फोटो शेजारी ठेवून बघा. कादंबरीतली छळाची खोली क्रमांक १०१ हीसुद्धा बीबीसीतल्या कंटाळवाण्या मीटिंगच्या खोलीवरून आली, असं सांगतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बीबीसी म्हणजे स्टॅलिनचा रशिया नव्हे आणि ऑर्वेलनेही तसं म्हटलेलं नाही. आपल्या हातून फार खोटं गेलं नाही, अशी त्याची समजूत होती. पण मजकूर सरकारी साच्यात कसा बसवतात, कोणता शब्द कुठे गाळतात, कोण सही करतं, ही कारकुनी त्याने दोन वर्षं आतून पाहिली. विन्स्टनचं ऑफिस एवढं खरं वाटतं ते त्यामुळेच. कँटीनच्या बेचव जेवणासकट.

एक छोटा अनुभव सांगते. मी एका वेबसाइटच्या डेस्कवर नवीन असताना आमच्याकडून एक आकडा चुकला. वरून निरोप आला, गुपचूप बदल. मी बदलला, सेव्ह केला, झालं. खाली दुरुस्तीची ओळ नाही, काही नाही. दहा सेकंदांचं काम. वाचकाने स्क्रीनशॉट काढला नसता तर ती चूक झालीच नव्हती. आणि खरं सांगू, नवीन वाक्य जुन्या जागेत फिट बसलं म्हणून मला बरंही वाटलं होतं. विन्स्टन मला तेव्हा आठवला नाही, नंतर आठवला.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलने बीबीसी सोडलं. आपण वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवतोय, असं त्याला वाटत होतं. मग त्याने 'ॲनिमल फार्म' लिहिलं. शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून देतात आणि सत्ता डुकरांच्या हातात जाते. क्रांतीच्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर सात नियम रंगवलेले असतात. मग डुकरं पलंगावर झोपू लागतात, दारू पिऊ लागतात, दुसऱ्या प्राण्यांना मारू लागतात आणि दर वेळी भिंतीवरच्या नियमात दोन शब्द वाढलेले असतात. वाचता येणारे प्राणी थोडे. बाकीच्यांना वाटतं, आपल्यालाच नीट आठवत नसेल. एका रात्री सरकारी प्रवक्ता डुक्कर शिडीवरून पडलेला सापडतो, शेजारी रंगाचा डबा. तरीही बहुतेकांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

हे पुस्तक १९४४ मध्ये कोणी छापेना. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त होता. एका प्रकाशकाने माहिती मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला विचारलं आणि त्याच्या सल्ल्याने माघार घेतली. हा अधिकारी पीटर स्मॉलेट होता असं मानलं जातं आणि हा स्मॉलेट रशियाचा हेर होता हे नंतर उघड झालं! ज्या एलियटबरोबर ऑर्वेलने रेडिओवर कविता केल्या, त्यानेही प्रकाशक म्हणून नकार दिला. शेवटी ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. आयलीन ते बघायला नव्हती. मार्चमध्येच एका ऑपरेशनच्या वेळी ती टेबलावर गेली. नवरा तेव्हा युरोपात वार्तांकन करत होता. दोघांनी दत्तक घेतलेला रिचर्ड एक वर्षाचाही नव्हता.

रशियात खरोखर असं चालायचं का? चालायचं. ट्रॉट्स्की हा क्रांतीतला लेनिनच्या बरोबरीचा नेता, तो फोटोंमधून कापला गेला. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव स्टॅलिनशेजारी कालव्याकाठी उभा असलेला फोटो आहे. येझोवला १९४० मध्ये गोळी घातली आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी फक्त पाणी दिसतं. रशियन क्रांतीवर जॉन रीडने लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाची ब्रिटिश कम्युनिस्टांनी ट्रॉट्स्कीचे उल्लेख आणि लेनिनची प्रस्तावना गाळून आवृत्ती काढली, हे ऑर्वेलने स्वतः नोंदवून ठेवलंय. १९३९ च्या ऑगस्टमध्ये स्टॅलिनने हिटलरशी करार केला तेव्हा कालपर्यंत फॅसिझमला शिव्या देणारे पक्ष एका रात्रीत भाषा बदलताना त्याने पाहिले. कादंबरीत भर सभेत शत्रूचं नाव बदलतं आणि वक्ता वाक्य न तोडता बोलत राहतो, तो प्रसंग इथून आलाय. ऑर्वेल गेल्यावर तर आणखी कहर झाला. १९५४ मध्ये रशियन विश्वकोशाच्या वर्गणीदारांना घरपोच नवी पानं आली. बेरिया या उतरलेल्या नेत्यावरची पानं कात्रीने कापा आणि ही चिकटवा, अशी सूचना. नव्या पानांवर बेरिंगच्या समुद्राची माहिती होती.

१९४६ मध्ये ऑर्वेल स्कॉटलंडच्या जुरा बेटावर गेला. बार्नहिल नावाचं एकाकी घर, वीज नाही. तिथे '१९८४' लिहायला घेतलं. विशेष म्हणजे आयलीनने लग्नाआधी, १९३४ मध्ये, एक कविता लिहिली होती आणि तिच्या नावात १९८४ हेच साल होतं. त्याने साल तिथून घेतलं का, याचा पुरावा नाही. १९४७ च्या उन्हाळ्यात बोट भोवऱ्यात सापडून तो मुलासकट बुडता बुडता वाचला. वर्षाअखेरीस क्षयाचं निदान झालं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीन होतं, ते मित्राच्या मदतीने अमेरिकेहून मागवलं, पण अंगाला सोसलं नाही. त्वचा सोलवटली, केस गेले, औषध बंद करावं लागलं. बरं वाटताच तो पुन्हा बेटावर. टायपिस्ट यायला तयार नाही, म्हणून १९४८ च्या शेवटी पलंगावर बसून ताप अंगात असताना त्याने अख्खी कादंबरी स्वतः टाइप केली. ८ जून १९४९ ला ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या 'बिग ब्रदर'वरून पुढे टीव्ही शोचं नाव आलं आणि त्यावरून आपला 'बिग बॉस'. तिथे लोक कॅमेऱ्यासमोर राहायला हौसेने जातात, हे ऑर्वेलला सुचलं नव्हतं.

आता एक न आवडणारी गोष्ट. त्याच वर्षी आजारी असताना ऑर्वेलने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचार विभागात काम करणाऱ्या मैत्रिणीला ३८ जणांची यादी पाठवली. हे कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत, यांना सरकारी लेखनाचं काम देऊ नका, अशा अर्थाची. त्यात चार्ली चॅप्लिन होता. तो पीटर स्मॉलेटही होता, म्हणजे तिथे अंदाज बरोबर निघाला. ही यादी २००३ पर्यंत बंद फाइलीत होती. त्याचे चाहते म्हणतात, कोणाला तुरुंगात टाकायला सांगितलं नव्हतं, फक्त नोकरी देऊ नका म्हटलं. मला हे समर्थन पुरेसं वाटत नाही. लोकांच्या पाठीमागे याद्या बनवणाऱ्या सरकारवर ज्याने कादंबरी लिहिली, त्याने ती पाठवायला नको होती. पण ती फाइल जपून राहिली आणि उघडली, म्हणून हे आपल्याला कळलं.

ऑक्टोबर १९४९ मध्ये हॉस्पिटलच्या खोलीतच त्याने सोनिया ब्राउनेलशी लग्न केलं. २१ जानेवारी १९५० ला तो गेला. वय ४६.

बीबीसीतली त्याची स्क्रिप्ट्स अनेक वर्षं तिथल्या कपाटात पडून होती. ती सापडून १९८५ मध्ये पुस्तकरूपात आली. आवाज मात्र नाही. दोन वर्षं रेडिओत काम केलेल्या या माणसाच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आजवर सापडलेलं नाही. कबर इंग्लंडमध्ये सटन कोर्टने गावच्या चर्चच्या आवारात आहे. तिथे गेलात तर जॉर्ज ऑर्वेल नाव शोधू नका, सापडणार नाही. साधा दगड आहे, त्यावर एरिक आर्थर ब्लेअर आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढंच.